अटकेआधी भरलेली ओटी

ती घटना आजही आठवते, असं म्हणायची आम्हा निवृत्त पोलिसांना खोडच असते. खरं सांगायचं तर निम्म्या घटना आम्ही विसरलेलो असतो आणि उरलेल्या निम्म्यांना पदरचं तिखटमीठ लावतो. या प्रकरणाला तिखटमीठ लावायची सोय नाही. उलट काही गोष्टी मी गाळणार आहे. नावं कोणाचीच सांगणार नाही, कारण त्यातल्या एका बाईला अजूनही ओळखलं जाण्याची भीती वाटते आणि ती भीती खोटी नाही.

तेव्हा मी दिंडोरीच्या बाजूला एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. द्राक्षांच्या काढणीचे दिवस होते. त्या दिवसांत ठाण्यात सकाळपासून रांग लागते. कोणाचा ट्रॅक्टर कोणाला धडकलेला, कोणाच्या बागेत रात्री कोणी शिरलेलं, मजुरांच्या दोन टोळ्यांत मारामारी झालेली. अशा गडबडीत एका दुपारी ठाण्यातल्या लँडलाइनवर फोन आला. ठाणे अंमलदारानं तो घेतला आणि जसाच्या तसा मला सांगितला. अमुक गावाबाहेरच्या अमुक मळ्यात एक बांगलादेशी बाई राहते. तिच्याकडं एकही कागद नाही. उद्या सकाळी या, बाई एकटीच सापडेल. एवढं बोलून समोरच्यानं फोन ठेवला.

खबर देणाऱ्यांबाबत मी एक नियम केला होता. खबऱ्याला एकतर पैसे हवे असतात, नाहीतर कोणाचा तरी काटा काढायचा असतो. देशभक्तीपोटी खबर देणारा माणूस मला उभ्या नोकरीत भेटला नाही. हा तर पैसे मागत नव्हता, नाव सांगत नव्हता. म्हणजे काटाच काढायचा होता, फक्त कोणाचा ते कळत नव्हतं. आणि त्यानं 'एकटीच सापडेल' असं का म्हणावं, हेही मला खटकलं. मळ्यावरच्या घरात माणसं असणारच, मग बाई एकटी कशी असेल?

पण खटकलं म्हणून खबर खिशात घालता येत नाही. आमच्या गोपनीय शाखेच्या हवालदारानं गावात चौकशी केली. मळा चांगल्या बागायतदाराचा होता. विधवा आई आणि तिशी उलटून गेलेला मुलगा. घर चांगलं, बाग चांगली, पण शेतकऱ्याला मुलगी कोण देतो? सगळ्यांना पुण्याचा नोकरदार जावई हवा. मुलाचं लग्न जमेना, तेव्हा चारेक वर्षांपूर्वी एका एजंटानं बाहेरून मुलगी आणून दिली होती. गाव तिला बंगालीन म्हणे. गावात ती फारशी कोणाला दिसली नव्हती. एवढ्यात ही खबर आमच्या उपअधीक्षक साहेबांच्या कानावर गेली. असल्या लोकांना हुडकून काढा, असे आदेश तेव्हा वरचेवर निघत होते. साहेबांनी फोनवर फर्मावलं, "सकाळी उचला. दुपारी प्रेस नोट द्यायची."

सकाळी आम्ही मळ्यात गेलो. दोन पंच, दोन शिपाई आणि आमच्या महिला हवालदार. त्यांना सगळं ठाणं ताई म्हणे. पेठकडच्या होत्या, बोलायला फटकळ, पण बाईमाणसाची झडती घेताना त्यांचा हात हलका असायचा.

आम्हाला पाहताच म्हातारीनं कपाळाला हात लावला. "अगं माय! बांगलादेशी? आमच्या घरात? आमाला काय ठाव, सायेब! आमी कलकत्त्याची म्हनून करून आनली." मुलगा खाली मान घालून उभा होता. त्यालाही धक्का बसलेला दिसत होता. जरा जास्तच बसलेला दिसत होता. सून आतून बाहेर आली. वय बाविशी-तेविशीचं असेल. अंगावर नवी, नुकतीच घडी मोडलेली साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. रडली नाही, काही विचारलं नाही. गाडीत बसण्याआधी मात्र मागं फिरली आणि सासूच्या पाया पडली. म्हातारीनं पाय मागं घेतले. मी हे सगळं पाहिलं, पण तेव्हा त्याची संगती लागली नाही.

ठाण्यात आल्यावर अंमलदारानं स्टेशन डायरी उघडली. अशा बाबतीत डायरीत पहिला शब्द कोणता पडतो त्यावर पुढची गाडी कुठल्या रुळावर जाणार ते ठरतं. 'अटक' लिहिलं की ती आरोपी झाली. परदेशी नागरिक कायद्याखाली गुन्हा, कोर्ट, तुरुंग, शिक्षा संपली की सीमेवर नेऊन पलीकडे. सरळ काम, कोणी काही विचारत नाही. मी अंमलदाराला थांबवलं आणि म्हणालो, "आधी ताईंना झडती घेऊ द्या."

ताई तिला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या आणि माझ्या टेबलावर त्यांनी एकेक वस्तू मांडली. नारळ, खण, हळकुंड, सुपारी, मूठभर तांदूळ. तांदळाला ओलं हळदकुंकू लागलेलं होतं. सगळं पदरात गाठ मारून कमरेला खोवलेलं होतं.

"साहेब," ताई म्हणाल्या, "ही बाई तुम्ही पकडून आणलीय, का ही सासरहून निघालीय?"

मी नारळ उचलून उलटसुलट पाहिला. ताईंना माझ्या पुरुषी डोक्याची कीव आली असावी. त्यांनी समजावून सांगितलं, "सण नाही, कार्य नाही, घरच्या सुनेची ओटी घरातच सकाळी सकाळी कशाला भरतील? घर सोडून निघाली तरच भरतात. आपण येणार हे त्या घराला माहीत होतं."

एका वाक्यात सगळा मामला उलटा झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी माझ्याच गाडीत घालून आणलं होतं. त्या माणसांनी अचंब्याचं नाटक बेमालूम वठवलं होतं. फोन निनावी केला होता, सुनेला नवी साडी नेसवून तयार ठेवली होती. पण सवाष्ण सून रिकाम्या ओटीनं घराबाहेर पडली तर घराला लागेल, एवढ्या एका भीतीपुढं त्यांचं शहाणपण टिकलं नव्हतं. आमची माणसं कायद्याला हसत हसत फसवतात, पण अपशकुनाला फसवायची त्यांची छाती होत नाही.

ती काही बोलेना. आम्हाला वाटलं, भाषेची अडचण असेल. नाशिकच्या सराफ बाजारात बंगाली कारागीर आहेत, त्यांच्यापैकी कोणाला तरी दुभाषा म्हणून बोलवावं असं मी म्हणत होतो. पण ताईंनी तिला चहा दिला, शेजारी बसल्या आणि साध्या मराठीत विचारलं, "ओटी कोणी भरली गं?"

ती दिंडोरीकडच्या कुठल्याही शेतकरणीसारखं बोलली, सासूला आत्याबाई म्हणत. "आत्याबाईनी. चार वर्सांत कदी भरली नाय. शेजारच्या बायांची भरत्यात ते खिडकीतनं बघायची मी. आज माझी भरली. मला वाटलं, आज मला घरातली मानली."

ताईंनी मान फिरवली. फटकळ बाई, पण आधी त्यांनी तिच्या कपात आणखी चहा ओतला. मग सांगितलं की ओटी सुनेला घालवतानाही भरतात. तुला घालवायचीच होती.

ते ऐकून ती रडेल असं मला वाटलं होतं. ती उठून उभी राहिली. "मग बाळ? बाळाला कुटं नेलंय?"

तिला तीन वर्षांचा मुलगा आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. गावानं सांगितलं नाही, घरानं सांगितलं नाही, घरात पोराचं अंगडंटोपडंसुद्धा दिसलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी नवऱ्याची बहीण येऊन त्याला जत्रेला म्हणून घेऊन गेली होती. आणि मग ती बोलत सुटली. सीमेपलीकडच्या एका गावातून तिला शिवणकामाच्या नोकरीसाठी म्हणून आणलं होतं. गाड्या बदलत बदलत नाशिकला आल्यावर कळलं की नोकरी नव्हे, नवरा आहे. एका देवळात माळ घातली. त्यानंतर मळ्यातलं घर, बाहेरून कडी आणि मार. नवऱ्याचं एकच वाक्य असायचं. तोंड उघडलंस तर पोलीस तुला नेतील आणि पोरगा इथंच राहील. म्हणून आम्ही आलो तेव्हा ती गप्प राहिली होती. गप्प राहिले तर निदान पोरगा मागून देतील, असा तिचा हिशोब होता.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी केली. डॉक्टरांनी लिहून दिलं ते मी इथं सगळं सांगत नाही. डाव्या मनगटाचं हाड कधीतरी मोडलं होतं आणि उपचाराशिवाय वाकडंच जुळलं होतं. पाठीवर भाजल्याचे डाग होते, जुन्यावर नवे. आमच्या कामात माणूस निबर होतो. तरी तो कागद वाचून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो होतो. संताप आला होता आणि त्याचं काय करावं ते कळत नव्हतं.

साहेबांचा फोन आलाच. "प्रेस नोट कुठंय?"

"साहेब, बाई आरोपी नाही. विकत आणलेली आहे. पीडित आहे."

"बांगलादेशी आहे ना?"

"आहे."

"मग? तुम्ही वकील झालात का?"

मी त्यांना केंद्राच्या गृहखात्याची सूचना वाचून दाखवली. मानवी तस्करीची बळी ठरलेली परदेशी बाई आढळली तर तिच्यावर परदेशी नागरिक म्हणून खटला रेटायचा नाही, तिला सुरक्षित ठेवायचं, असा तिचा अर्थ. अशी परिपत्रकं ठाण्याच्या कपाटात ढिगानं पडलेली असतात आणि ती कोणी काढत नाही. शिवाय मी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. हिला सीमेपार केलं की एजंटाविरुद्ध साक्ष कोण देणार? तो उद्या दुसरी आणील. साहेब म्हणाले, "बघा बुवा. अंगाशी आलं तर तुमच्या." पोलीस खात्यात याला परवानगी म्हणतात.

फिर्यादी म्हणून तिचंच नाव पडलं. तस्करी, डांबून ठेवणं, विवाहितेचा छळ, अशी कलमं लागली. तिला नाशिकमधल्या एका महिला आश्रयगृहात ठेवलं. पण मुलगा अजून मिळाला नव्हता आणि नवरा काही कबूल करत नव्हता. "आम्ही फसलो सायेब, आम्हीच फिर्यादी," असा त्याचा हेका होता.

म्हातारीला ठाण्यात बोलवायचं नव्हतं. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. ताईंना घेऊन मी मळ्यात गेलो. ओट्यावर बसलो. बांगलादेश, एजंट, कशाचंही नाव काढलं नाही. म्हणालो, "आजी, एक विचारू? ओटी तेवढी तुम्ही रीतीनं भरली. नारळसुद्धा चांगला निवडून घेतला."

म्हातारीचा चेहरा सैल झाला. "मंग? कशीबी असली तरी लक्षुमीच्या पावलानं आल्याली. सवाष्न बाई मोकळ्या पदरानं घालवली तर घराचं वाटुळं व्हतं."

"कुठं घालवत होता, आजी?"

बोलून गेल्यावर तिला कळलं. तोंडाला पदर लावून ती आत बघायला लागली. आत दाराशी मुलगा उभा होता. त्यानं आईकडं ज्या नजरेनं पाहिलं त्यातच मला माझं उत्तर मिळालं. पुढं त्याला ठाण्यात आणल्यावर फार ताणावं लागलं नाही. नात्यातल्याच एका घटस्फोटित मुलीचं स्थळ आलं होतं. त्यांची अट होती, मूल चालेल, पण पहिली घरात नको. कोर्टात सोडचिठ्ठी मागायची तर लग्न कसं झालं, बाई कुठून आणली, हे सांगावं लागलं असतं. तेव्हा घरात बसून तोडगा निघाला. सोडचिठ्ठीचं काम पोलीसच फुकटात करतील. वंशाला मुलगा मिळालाच होता, ती आता नको होती.

निनावी फोन कुठून आला होता तेही तांत्रिक शाखेकडून कळलं. नामपूरहून, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकावरून. नवऱ्याची बहीण तिथं दिलेली होती. फोन तिच्याच नवऱ्याचा होता. दिंडोरीच्या मळ्यात बाई एकटीच सापडेल हे नामपूरच्या कांदा व्यापाऱ्याला कसं ठाऊक होतं, याचा उलगडा झाला. एकटी म्हणजे पोराशिवाय. पोरगा त्याच्या घरी होता.

बाल कल्याण समितीचा आदेश घेऊन आम्ही नामपूरला गेलो. नणंदेनं दार अडवलं आणि तिकडच्या अहिराणीत पोरगा आमचाच म्हणाली. "पोऱ्या आमना शे. तिना काय संबंध?" ताईंनी तिला हातानं बाजूला सारलं. जन्म कोणी दिला ते पोराच्या बोलण्यावरून कळलं नसतं, कारण तो आजीला आई म्हणायला शिकला होता. गाडीत तो ताईंच्या मांडीवर झोपला. नाशिकला आश्रयगृहाच्या अंगणात ती उभी होती. तिला पाहताच तो ताईंच्या हातून सुटून पळाला आणि मोठ्यानं ओरडला, "बंगालीन! बंगालीन!" घरात सगळे तिला जे म्हणत तेच त्याला ठाऊक होतं. तिनं त्याला उचलून घेतलं आणि ते ऐकूनही हसली. मला मात्र ते फार जिव्हारी लागलं. तीन वर्षं त्या घरात वाढलेल्या पोराला त्याची आई कोण हे कोणी सांगितलंच नव्हतं.

एजंटाला आम्ही इगतपुरी स्टेशनावर पकडलं. त्यानं आणखी कितीजणी आणल्या, कुठं दिल्या, ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. दोन बाया आम्ही शोधल्या. एकीनं दारातूनच हात जोडले आणि मी इथलीच आहे म्हणाली. खरं बोललं तर काय होतं हे तिनं ऐकलं असणार. मी तिला खोटं पाडलं नाही.

मग खटला उभा राहिला. तो जितका लांबतो तितका लांबला. कधी आरोपीचा वकील आजारी, कधी न्यायाधीशांची बदली, कधी पंच गैरहजर. कोर्टाच्या आवारात तारीख पडली की माणसं कपाळावर हात मारून घेतात. ही बाई तेवढी तारीख पडली की हलकी व्हायची. आधी मला ते समजेना. मग आश्रयगृहाच्या बाईंनी सांगितलं. तिला कोणीतरी कायदा समजावला होता. ती इथं साक्षीदार म्हणून होती. खटला चालू आहे तोवर तिला कोणी हलवणार नव्हतं. खटला संपला की परत पाठवायची फाइल पुढं सरकणार होती. आणि पोराचा बाप इथला, आई तिथली, आईकडं प्रवेशाचा कागद नाही. ते पोर नेमकं कोणत्या देशाचं, यावर दोन कचेऱ्यांत दोन मतं होती. तिला पाठवलं आणि पोराला ठेवून घेतलं तर? नवऱ्यानं चार वर्षं घातलेला धाक सरकारनं खरा करून दाखवला तर?

यातून मी काय शिकलो असं लोक विचारतात. मी एवढंच शिकलो की आपल्याकडं दुबळ्याला मारायला काठी लागत नाही, कायदा पुरतो, आणि तो चालवायला पोलिसांना बोलावता येतं. तेव्हा कोणी हात धरून कायदा दाखवायला लागला की मी आधी तो हात कोणाचा ते बघायचो. नव्या अधिकाऱ्यांनाही तेच सांगत आलो. बाईनं साक्ष मात्र चोख दिली. आरोपीच्या वकिलानं दिवसभर उलटतपासणी घेतली, तू घुसखोर आहेस की नाहीस, एवढंच परत परत विचारलं. ती म्हणाली, "हाय. पन माझा हात यानीच मोडला."

निकाल लागला तेव्हा मी निवृत्त होऊन काही महिने झाले होते, तरी कोर्टात गेलो होतो. नवऱ्याला आणि एजंटाला शिक्षा झाली. माझे जुने सहकारी हात मिळवत होते. सरकारी वकील हसत होते. गर्दी पांगल्यावर ती माझ्याकडं आली. पोराचं बोट धरलेलं होतं. तो आता शाळेत जायला लागला होता. तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, समाधानाचं रडू असेल.

तिनं हळूच विचारलं, "सायेब, तो वरच्या कोर्टात जाईल ना?"

ज्यानं तिचं मनगट मोडलं, पाठ भाजली, पोर पळवलं, त्या माणसानं अपील करावं म्हणून ती देवाला हात जोडत होती. खटला जिवंत राहिला तरच ती इथं राहणार होती.

"जाईल," मी म्हणालो. "नक्की जाईल. त्याचा वकील गप्प बसणारा नाही."

मुंबईला अपील दाखल झाल्याचं कळलं, तेव्हा तिला ते सांगायला मी स्वतः गेलो. वाटेत पेढे घेतले. शिक्षा झालेल्या आरोपीनं अपील केलं म्हणून पेढे वाटणारा पोलीस या जिल्ह्यात मी एकटाच असेन.